विकणे आहे: रिबन स्पीकरची जोडी, डबे घरगुती (बेळगाव)

माडीवाला_शहापूर | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. आठ वर्षं वापरलेली स्पीकरची जोडी काढायची आहे. वर रिबन ट्वीटर (वरच्या स्वरांचा स्पीकर, त्यात धातूची पातळ पट्टी वाजते), खाली ८ इंची वूफर (खालच्या स्वरांचा). डबे विकतचे नाहीत. वडगावातल्या एका सुतारमामांकडून करून घेतले. मामा एरवी गणपतीचे बेस बॉक्स करतात, त्यामुळे डबा कसा असावा याबद्दल त्यांचं मत ठाम आहे: वर माणूस नाचला तरी हलता नये. हलत नाही. एकेक डबा २० किलो भरतो.

बाहेरचं माप ९०० बाय २४० बाय ३०० मिमी. १८ मिमीचं मरीन प्लाय, आत दोन आडव्या पट्ट्या. आतली जागा साधारण ४४ लिटर. मागचा पोर्ट (डब्यातली हवा बाहेर यायची नळी) म्हणजे नळाच्या दुकानातला ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप, १३ सेंमीवर कापलेला. ट्यूनिंग ३८ हर्ट्झच्या आसपास बसतं. क्रॉसओव्हर (वरचे स्वर रिबनला, खालचे वूफरला वाटून देणारं सर्किट) ३,००० हर्ट्झला, स्वतः सोल्डर केलेला.

पुढची फळी सागवानी आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा आमच्या घराचे पुढचे दोन खण गेले. माडीच्या तुळया उतरवल्या, त्यातली एक चिरून घेतली. डाव्या डब्यात रिबनच्या खाली जुन्या खिळ्याचं भोक आहे. भुसा आणि फेविकॉल भरून बुजवलंय, पण दिसतं. आधीच सांगून ठेवतो.

विकायचं कारण: वय ६१. गेल्या महिन्यात नातीनं मोबाइलवर टोन वाजवणारं अ‍ॅप लावलं. आठ हजारला मला बारीक ऐकू आलं. दहा हजारच्या पुढं मी म्हणालो, "चालू कर की." ती कानावर हात ठेवून बसली होती. म्हणजे रिबन ज्याच्यासाठी घेतात तो भाग माझ्या हिशेबी संपला. टकल्यानं कंगवा किती दिवस सांभाळायचा?

आवाजात काही दोष नाही. किंमत ३८,०००. घरी या, ऐका, घेऊन जा. पार्सल करणार नाही.

पुणेरी_वायर | सोमवार, रात्री १०.१५

काका, दोन प्रश्न.

१) खरं रिबन आहे की प्लेनर? इथं सगळे सरसकट रिबन म्हणतात. मागे एकानं एएमटी (एअर मोशन ट्रान्सफॉर्मर) रिबन म्हणून विकलं होतं. ती घडी घातलेली पडदी, ऑस्कर हाइलसाहेबांची कल्पना, प्रकारच वेगळा.

२) ३८ हजार कशाचे? राग मानू नका, पण घरगुती डब्याला बाजारात किंमत शून्य असते. कंपनीचा डबा असेल तर घेणारा नाव बघून पैसे देतो. तुमच्या डब्याचं नाव काय, वडगाव?

फक्त रिबनची जोडी देणार असाल तर १५,००० आत्ता पाठवतो. डबे आणि वूफर तुम्हीच ठेवा.

डीजे_गोकाक | सोमवार, रात्री १०.२२

काका गणपतीत टॉपला लावायला चालतील काय? किती वॅट?

माडीवाला_शहापूर | सोमवार, रात्री ११.०५

@डीजे_गोकाक: नको रे बाळा. पहिल्या चौकातच पट्टी लोंबेल.

@पुणेरी_वायर: खरं रिबन आहे. जाळीतून टॉर्च मारला की उभ्या फटीत उघडी अॅल्युमिनियमची चुणीदार पट्टी दिसते. वर आणि खाली धरलेली, दोन्ही कडा मोकळ्या. प्लेनरमध्ये प्लास्टिकच्या पडदीवर तारेच्या रेघा असतात आणि कडा चिमटलेल्या असतात. मॅग्नेपॅन कंपनीचे ते उंच पडद्यासारखे स्पीकर बहुतांशी त्या जातीचे, त्यांच्या वरच्या मॉडेलांत ट्वीटरला मात्र खरं रिबन असतं.

पट्टी ६० मिमी लांब, ८ मिमी रुंद, ८ मायक्रॉन जाड. अॅल्युमिनियमची घनता धरून हिशेब केला तर वजन दहा-अकरा मिलिग्रॅम येतं. साध्या रेशमी डोम ट्वीटरचं कॉइलसकट हलणारं वजन तीस पट तरी असेल. सगळी करामत त्या हलकेपणात आहे आणि सगळी कटकटही.

डब्याची किंमत शून्य हे तुम्ही म्हणता ते मला कळतं. माझा खर्च सांगतो: रिबन कस्टमसकट २२,०००, वूफर ११,०००, क्रॉसओव्हर ५,५००, प्लाय-मजुरी ९,०००. सागवान धरलेलं नाही. बेरीज तुम्ही करा. फक्त रिबन काढून दिलं तर माझ्याकडं दोन भोकांचे दोन डबे उरतात. त्यात काय, कोंबड्या डालू?

फाउंड्रीत_जन्म | मंगळवार, सकाळी ७.१०

काका, मी काय सांगूलो बघा. तुम्ही शहापूरला असला तरी कामाला उद्यमबागेत होता ना? तुमच्या जुन्या धाग्यात लेथचं वाचलेलं आठवतंय. मग ती फट एकदा नीट बघून घ्या. आमच्याकडं शॉपवरनं आल्यावर शर्टाच्या खिशाला चुंबक लावलं तर चुंबकाला दाढी येते. रिबनच्या फटीत निओडिमियमचं जोरदार चुंबक, नुसती ओढ. लोखंडाचा कीस हवेतनं पण येऊन बसतोय.

अवांतर: मी एकदा असलाच ट्वीटर फळीला कसूलो होतो. साधा लोखंडी स्क्रू ड्रायव्हर. हातातनं असा ओढला की थेट जाळीतनं आत. पाच हजार रुपये आणि बायकोचं बोलणं. तवापास्नं पितळी स्क्रू आणि डोक्याला टेप गुंडाळलेला ड्रायव्हर.

सुताराचा_पोर | मंगळवार, सकाळी ९.३०

पुणेकरांचं अर्धं बरोबर आहे, अर्धं नाही.

घरगुती डब्याला भाव येत नाही, कारण घेणाऱ्याला आतलं दिसत नाही. बाहेरनं व्हीनियर मारलं की आठ मिमीचा चिपबोर्ड आणि १८ मिमीचं मरीन प्लाय फोटोत सारखंच दिसतं. आमच्या वर्कशॉपला दुरुस्तीला येतात त्या डब्यांत मी फेविकॉलच्या जागी नुसते खिळे बघितलेत, ब्रेसच्या (आतल्या आधाराच्या पट्टीच्या) जागी थर्माकोल बघितलाय. त्यामुळं काका, वूफर काढून आतले फोटो टाका. प्लायच्या काठावर आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का कुठं राहिला असेल तर तोही. तेवढ्यावर किंमत शून्यावरनं वर येते.

दुसरं, ऐकायला येणाऱ्यानं बोटाच्या पेरानं डब्याच्या कुशीवर टकटक करावी. 'ठक्' आलं पाहिजे, 'धब्ब' नाही. आणि गळती बघायला उदबत्ती. खालचे सूर लावायचे, पेटलेली उदबत्ती सांध्यासांध्यावरनं फिरवायची. पोर्ट सोडून कुठं धूर थरथरला तर तिथं फट. आमचे आजोबा देवघरातनंच उदबत्ती उचलून न्यायचे, आजी शिव्या घालायची.

एक शंका मात्र आहे. भरीव सागवान प्लायला सगळीकडनं चिकटवलंय काय? पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, प्लाय फुगत नाही. फळी तडकते नाहीतर सांधा सुटतो.

खानापुरी_पाऊस | मंगळवार, सकाळी ११.००

वरच्या शंकेला दुजोरा. आमच्याकडं जूनपासून चार महिने कपाटातल्या चपलेला बुरशी येते. मी हौसेनं एमडीएफचे (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डाचे) डबे केले होते. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कडा पाण्यात बुडवलेल्या टोस्टसारख्या फुगल्या. तेव्हापासून आमच्या तालुक्यात एमडीएफचं नाव काढत नाही.

माडीवाला_शहापूर | मंगळवार, रात्री ८.५०

आतले फोटो टाकलेत. प्लायचा शिक्का डाव्या डब्याच्या तळाला अर्धा दिसतोय.

सागवानाचं: फळी चिकटवलेली नाही. आतून स्क्रूनं धरलीय, भोकं लांबट ठेवलीत, मध्ये पातळ कॉर्कचा थर. ही अक्कल माझी नाही, मामांची. जुन्या दारांच्या फळ्या चौकटीत मोकळ्या का बसवतात ते त्यांनी मला दाखवलं होतं. शिवाय लाकूड शंभर वर्षं माडीला होतं, फुगायचं-आटायचं ते बरंचसं करून झालंय. आठ पावसाळ्यांत तडा नाही.

आता आजची गंमत. ग्राहक येण्याआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून एक ट्वीटर काढून बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. दुकानाचं नाव सांगत नाही, पोरगा गुणी आहे. मल्टीमीटर लावला, जवळजवळ शून्य ओहम. म्हणाला, "अंकल, शॉर्ट आहे. दुसरा पण असाच असेल तर दोन्ही भंगारात." मी समजावलं की त्या पट्टीचा रोध ओहमच्या बारक्या अंशाइतका असतो, म्हणून मागे ट्रान्सफॉर्मर बसवतात. मीटर त्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा डीसी रोध दाखवतो, तो जवळजवळ शून्यच. अॅम्प्लिफायरला पाच-सहा ओहम दिसतात ते ऑडिओच्या वारंवारतेला. म्हणूनच कपॅसिटरशिवाय हा ट्वीटर अॅम्प्लिफायरला जोडत नाहीत.

त्याला पटलं असं वाटलं. आणि मग त्यानं खणातून पेन्सिल सेल काढला, स्पीकरला टक-टक करून बघायला. मी काउंटरवरून वाकून त्याचं मनगट धरलं. दुकानातली माणसं बघत होती. सेलची टक म्हणजे या पट्टीला कानाखाली जाळ.

मिरजेची_जवारी | मंगळवार, रात्री ९.४५

सेलवरून आठवलं. आमच्या गल्लीत तंबोरे होतात, आणि जवारी (तारेचा झंकार) काढताना कारागीर असाच कान लावून बसलेला असतो. घोडीचा माथा एवढा-एवढासा घासायचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायचं.

काका, तुमचे स्पीकर ऐकायला येणाऱ्याला माझा एकच सल्ला आहे. गाणं लावू नका. नुसता तंबोरा लावा, दहा मिनिटं. जवारीची जी झिलई असते, तारेतून निघणारे वरचे वरचे स्वर, ते दोन-तीन हजारांपासून वर पसरलेले असतात. तुमचा क्रॉसओव्हर बरोबर तिथंच, तीन हजाराला आहे. वूफर आणि रिबन एकमेकांत नीट मिसळले नसतील तर झिलई मध्येच तुटते. खर्जाची तार एका खोलीत आणि तिची जवारी दुसऱ्या खोलीत, असं ऐकू येतं. सतार-सरोदात हा दोष झाकला जातो, तंबोऱ्यात नाही.

कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या मैफलीचं एखादं ध्वनिमुद्रण लावून सुरुवातीचे नुसते तंबोरे ऐका.

पुणेरी_वायर | मंगळवार, रात्री १०.३०

मिरजकर, सुंदर. पण मोजमापाला पर्याय नाही. मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यूचा (आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरचा) ग्राफ टाका, काका. आरईडब्ल्यू फुकट आहे. ग्राफ असेल तर माझी ऑफर १८,००० करतो. तरीही फक्त रिबन.

निपाणी_नवा | बुधवार, दुपारी १.१५

नमस्कार. मी इथं फक्त वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. रविवारी येऊन ऐकू का? सगळी जोडी घ्यायची इच्छा आहे. डब्यासकट.

माडीवाला_शहापूर | बुधवार, सायंकाळी ७.००

@निपाणी_नवा: या की. सकाळी दहापर्यंत या. जेवूनच जायचं.

बाकीच्यांसाठी एक सावधगिरी. हीच जाहिरात मी जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवरही टाकली होती. आज फोन आला, "मी आर्मीत आहे, कॅम्पमध्ये पोस्टिंग, बघायला येता येत नाही, पूर्ण पैसे आधीच पाठवतो." मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्याच गावात, त्यामुळं आपल्याला असलं वाक्य खोटं वाटतच नाही. मग क्यूआर कोड आला. "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. मी म्हणालो, "साहेब, तुमची बराक सांगा, मी स्पीकर घेऊन येतो, गेटवर पैसे द्या." फोन बंद.

फाउंड्रीत_जन्म | बुधवार, रात्री ८.२०

बरं केलासा. माझ्या मेव्हण्याचे याच पद्धतीनं फ्रीज विकताना नऊ हजार गेले. विकूला होता तो, आणि पैसे पण त्याचेच गेले.

निपाणी_नवा | रविवार, रात्री ९.३०

जाऊन आलो. मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

काकांचं घर पुढून कापलेलं आहे, रस्त्यावरूनच माडी दिसते. स्पीकर वरच्या खोलीत. काकूंनी आधी चहा, मग कुंदा. मग काकांनी मला एका ठराविक खुर्चीत बसवलं आणि तंबोरा लावला (मिरजकरांचं ऐकून).

मला शब्द सापडत नाहीत. माझ्याकडं आत्ता कंपनीचे बुकशेल्फ आहेत, वाईट नाहीत. पण इथं तार छेडल्यावर बोट तारेवरून सुटल्याचं कळत होतं. झिलई तुटली नाही.

मग चहाचा कप ठेवायला उठलो आणि वरचा सगळा आवाज गेला! मला वाटलं ट्वीटर बंद पडला. काका हसायला लागले. उभ्या पट्टीचा आवाज आडवा लांब पसरतो, वर-खाली फार कमी. कान पट्टीच्या उंचीवर पाहिजे. उभं राहिलं की संपलं. पुढच्या खरेदीदारांनी खुर्चीची उंची मोजून जावी.

आता अडचणीचं. मोबाइलवरून टोन लावले, सुताराचा पोर म्हणतात तशी उदबत्तीही फिरवली (डब्यांत काही गळत नाही, टकटकही बरोबर). टोन चार हजाराच्या आसपास आला तेव्हा उजव्यातून बारीक किर्र आली. डाव्यातून नाही. वायरी अदलाबदल केल्या तरी उजव्यातूनच. मी काकांकडं बघितलं. ते म्हणाले, "ऐकूलो की, स्वच्छ आहे."

मला बोलायला अवघड वाटलं. पहिलीच भेट, ताटावर बसायचं बाकी होतं.

माडीवाला_शहापूर | रविवार, रात्री १०.२०

पुढचं मी सांगतो, कारण 'आवाजात काही दोष नाही' असं पहिल्या पोस्टमध्ये मीच लिहिलंय.

पोरगा गप्प बसला होता. मीच विचारलं, काय झालं. म्हणाला, "काका, उजवा किरकिरतोय." मी पुन्हा लावला. मला चार हजाराचा स्वर अगदी सरळ येतो. नातीला हाक मारली. ती दारातूनच म्हणाली, "आजोबा, त्यात किडा आहे."

मग डोक्यात प्रकाश पडला. टोन चार हजाराचा, तो मला ऐकू येतो. पण किरकिर म्हणजे त्याच्या पटीतले वरचे स्वर, आठ हजार, बारा हजार, सोळा हजार. तिथं माझा कान संपलाय. दोष माझ्या समोर किती दिवस वाजत होता कुणास ठाऊक. वर्षभर? दोन वर्षं? पाहुण्यांना बसवून मी कौतुकानं ऐकवत होतो आणि कुणी भिडेखातर बोलत नव्हतं.

जाहिरातीतलं ते वाक्य मागे घेतो. किंमत पण खाली येईल. पोराला म्हणालो, आज पैसे देऊ नकोस.

पुणेरी_वायर | रविवार, रात्री १०.४१

म्हणून ग्राफ मागत होतो.

(पण काका, हे इथं उघड लिहिलंत, मानलं.)

सुताराचा_पोर | रविवार, रात्री १०.५०

पट्टी ताणली गेली असेल तर ती सैल दिसेल, चुण्या खाली गोळा झालेल्या असतील. टॉर्च मारून दोन्ही शेजारी ठेवून बघा.

फाउंड्रीत_जन्म | रविवार, रात्री ११.१५

पैज लावूलो. कीस आहे.

आता काय करायचं ते ऐका. फुंकर मारायची नाही. तोंडाची फुंकर पट्टीला वादळासारखी लागते. व्हॅक्यूम क्लिनर तर खोलीत पण आणायचा नाही. उदबत्तीची काडी घ्या, नाहीतर बांबूचा चोय. टोकाला मास्किंग टेप उलटा गुंडाळा, चिकट बाजू बाहेर. जाळी काढा. फटीच्या काठानं, चुंबकाच्या अंगानं, पट्टीला न शिवता सरकवा. नात असंल तर तिला टॉर्च धरायला सांगा. तुमचा हात कापतोय काय? मग मला बोलवा, मी येऊन करतो.

माडीवाला_शहापूर | मंगळवार, रात्री ९.००

फाउंड्रीवाले आले होते. (नाव सांगत नाही, आठ किलोमीटरवर राहतात आणि आम्ही सहा वर्षं इथं भांडत होतो हे आज कळलं.)

पट्टी दोन्हींची सारखीच. सैल नाही. उजव्याच्या फटीत वरच्या टोकाला एक कीस, लेथवरचा, नखाच्या कडेसारखा वाकलेला. एक टोक चुंबकाला चिकटलेलं, दुसरं पट्टीच्या कडेला टेकेल-न-टेकेल. साधारण दोन मिलिमीटर. टेपला चिकटून बाहेर आला तेव्हा त्याला निळसर झाक होती. म्हणजे गरम कापातला, माझ्याच हातचा. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली.

टोन लावला. मला काय कळणार. नात जिन्यात उभी होती, म्हणाली, "मेला."

फाउंड्रीत_जन्म | मंगळवार, रात्री ९.१२

पैज जिंकलो. कुंदा खाल्ला. विषय संपला.

पुणेरी_वायर | मंगळवार, रात्री ९.४०

मग आता किंमत? दोष गेला म्हणजे पुन्हा ३८?

माडीवाला_शहापूर | मंगळवार, रात्री १०.१०

नाही. निपाणीच्या पोराशी फोनवर बोलणं झालं. २७,००० ठरले. तो ३० म्हणत होता, मीच खाली आणले. उलटी घासाघीस पाहून घरचे हसले. हिशेब असा: रिबन आणि वूफरचे वापरलेले म्हणून जे येतात ते, क्रॉसओव्हरचे थोडे, आणि डब्यांचे पुणेरी दरानं शून्य. सागवानाचे मात्र हजार रुपये लावले. ते त्याला सांगितलं पण आहे. मामांना त्यातले पाचशे नेऊन दिले. ते म्हणाले, "आठ वर्षांनी कोण मजुरी देतंय?" आणि खिशात घातले.

खानापुरी_पाऊस | बुधवार, सकाळी ८.३०

नेणार कसं? पाऊस कधीही येतो.

निपाणी_नवा | बुधवार, सकाळी ९.०५

मित्राची ओम्नी आहे. सीट काढतो, गादी टाकतो. ट्वीटर डब्यातून काढून वेगळे, पुढच्या सीटवर मांडीवर.

सुताराचा_पोर | बुधवार, सकाळी ९.२०

ट्वीटर उभेच ठेव, पट्टी उभी राहील असे. तोंडावर पुठ्ठा, पुठ्ठ्याला मध्ये पोकळी, टेप फक्त कडेच्या पट्टीला. दोन ट्वीटर एकमेकांजवळ आणू नको, चुंबकं एकमेकांना झडप घालतात. आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'नाजूक' लिहितोस तेव्हा कन्नडमध्येही लिही.

निपाणी_नवा | शनिवार, रात्री १०.५०

पोचले. दोन्ही डबे, दोन्ही ट्वीटर, दोन्ही वाजतात.

खोक्यावर मराठीत 'नाजूक' आणि खाली कन्नडमधला 'हुषार' हा शब्द लिहिला होता. पेट्रोल पंपावर एकानं डोकावून विचारलं, "त्या खोक्यात काय, कुत्र्याचं पिल्लू काय? हुशार आहे म्हणताय." मी म्हणालो, नाही हो, कन्नडमध्ये त्याचा अर्थ सांभाळून. तो कोल्हापूरचा होता.

तवंदीचा घाट तीसच्या वेगानं उतरलो, मागे ट्रकांची रांग. मित्र म्हणाला, लग्नातही मी एवढी हळू गाडी चालवली नव्हती.

आईनं खुर्ची बघून विचारलं, एवढी बुटकी कशाला आणलीस.

मिरजेची_जवारी | शनिवार, रात्री ११.२०

तंबोरा लावलास काय?

निपाणी_नवा | शनिवार, रात्री ११.३५

दोन तास. शेजारच्यांनी विचारलं, गाणं कधी सुरू होणार.

माडीवाला_शहापूर | रविवार, सकाळी १०.००

अरे, एक राहिलं. बदली पट्टीचा फॉइल मी घेऊन ठेवला होता, चार तुकडे. जुन्या दिनदर्शिकेच्या पानांत सपाट ठेवलेत, काल आवरताना सापडले. कधी लागले तर: काचेवर ठेवायचे, नवीन ब्लेडनं एका झटक्यात कापायचे, कात्रीनं नाही. चुण्या पाडायला दोन प्लास्टिकचे गियर पाहिजेत. बंद पडलेल्या प्रिंटरमधले चालतात, माझे दोन पाकिटात घातलेत. गियर हलक्या हातानं फिरवायचे, पट्टी ओढायची नाही.

दुपारच्या निपाणी बसला ड्रायव्हरकडं देतो. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: फुंकू नये.

निपाणी_नवा | रविवार, सायंकाळी ५.४५

मिळालं, काका. स्टँडवर गेलो तर पाकीट डॅशबोर्डवर होतं, धुळीनं भरलेलं. ड्रायव्हरनं उचललं, वरचं वाचलं, मग फू करून धूळ झटकली आणि माझ्या हातात दिलं.